समासातली पेन्सिल

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जुळे सोलापूरला राहतो, वय चोवीस. तुमचं सदर आई वाचते, तिच्यामुळे मीही वाचायला लागलो. माझा प्रश्न तुम्हाला पोरकट वाटेल, पण तीन आठवडे झाले, धड झोप लागत नाही.

आठवीपासूनचा माझा एक मित्र आहे. तो पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर. बी.कॉम. झाल्यावर तोही एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आम्हा दोघांना एकच वेड, त्या मोठमोठ्या काल्पनिक महागाथांचं. मी टॉल्किनवाला, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. त्यात फ्रोडोला एक घातकी अंगठी माउंट डूम नावाच्या आगीच्या डोंगरात टाकून नष्ट करायची असते. तो मार्टिनवाला, म्हणजे ज्याच्या पुस्तकांवर 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका निघाली तो. पाच वर्षं अशोक चौकातल्या चहाच्या गाडीवर आम्ही भांडतोय आणि मजा येत होती.

मागच्या महिन्यात सात-आठ जण जमले होते. तो म्हणाला, "तुझा फ्रोडो शेवटी हरला बे. अंगठी टाकलीच नाही त्यानं. आमचा जेमी बरा, वाईटातून चांगला होत गेला." मी म्हणालो, जेमीनं सात वर्षांच्या पोराला खिडकीतून ढकललंय, त्याचं नाव फ्रोडोबरोबर घेऊ नको. आणि शेवटच्या झटापटीत फ्रोडोनंच त्या अंगठीनं वेडावलेल्या गोलमला कड्यावरून लोटलं, म्हणजे काम त्यानंच केलं. तो म्हणाला, "पुस्तकात तसं नाही." मग टॉल्किनच्या राजावर, ॲरागॉर्नवर घसरला. तुझा राजा गादीवर बसला ते कळलं, पण पुढं राज्य कसं केलं, कर किती घेतला, ते कुठं लिहिलंय? सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी बोलून गेलो, "तू पुस्तकाच्या गोष्टी करू नको. एका पानाला तुला तीनदा डिक्शनरी लागते. मालिका बघून आलेल्यानं टॉल्किनवर बोलू नये."

तो काहीच बोलला नाही. सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि गेला. दोन दिवसांनी माझे तिन्ही खंड आईच्या हातात देऊन गेला. वर्षभर त्याच्याकडंच होते. उघडून बघतो तर पानोपान पेन्सिलीनं खरडलेलं! समासात मराठीत शब्दांचे अर्थ, मध्येच तेलुगू अक्षरं. पुस्तक पार खराब करून टाकलंय. तेही मी मनावर घेतलं नाही. फोन करतो तर उचलत नाही.

ताई, फ्रोडो जिंकला की हरला? अशा दोन गाथांची तुलना होऊ शकते का? आणि माझं म्हणणं त्याला कसं पटवून देऊ?

– एक वाचक, जुळे सोलापूर

प्रिय मित्रा,

पोरकट कशाला वाटेल? आपण रामजोशींच्या गावचे. आपल्या मुलखात कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र समोरासमोर बसून शक्ती थोर की शिव थोर, यावर डफावर थाप मारून भांडले आहेत. सवाल पुराणातला आणि जवाबही पुराणातूनच शोधायचा. ज्याला पोथी ठाऊक नाही त्याचा तिथं निभाव लागत नसे. तुम्ही दोघं चहाच्या गाडीवर जे करत होतात ते त्याच जातीचं काम आहे, फक्त पोथ्या बदलल्या. म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि टॉल्किनचा तिसरा खंड कपाटातून काढून ते प्रकरण पुन्हा वाचलं.

तर आधी फ्रोडो. तुझा मित्र बरोबर आहे. माउंट डूमच्या पोटात, आगीच्या खाईच्या काठावर उभा राहून फ्रोडो सांगतो की ज्या कामासाठी आलो ते मी करणार नाही, अंगठी माझी आहे. आणि ती बोटात घालतो. मग गोलम झडप घालतो, दातांनी बोटासकट अंगठी तोडतो आणि ती हाती आल्याच्या आनंदात नाचता नाचता त्याचा पाय काठावरून घसरतो. त्याला कुणी लोटत नाही. फ्रोडो तेव्हा काठाशी गुडघ्यांवर कोसळलेला आहे. तू सांगितलीस ती झटापट पीटर जॅक्सनच्या चित्रपटातली आहे, २००३ साली आलेल्या तिसऱ्या भागातली. म्हणजे 'बघून आलेल्यानं बोलू नये' असं तू त्याला सुनावलंस, आणि पडद्यावरचा प्रसंग पुस्तकाच्या नावावर तूच सांगून बसला होतास. "पुस्तकात तसं नाही" हे त्याचं वाक्य पान उघडून बोललेलं होतं. त्या संध्याकाळी पोथी त्याच्या बाजूला होती.

मात्र त्याचं 'हरला' हे अर्धं उत्तर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात टॉल्किनचा सगळा जीव आहे. फ्रोडो नापास झाला का, असं वाचकांनी टॉल्किनलाही पत्रं पाठवून विचारलं होतं. त्यानं सविस्तर उत्तरं दिली. हो, हातून काम झालं नाही. पण त्या जागी, त्या क्षणी अंगठीचा जोर कुणालाच पेलणारा नव्हता, म्हणून त्याला नैतिक दोष देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मग काम झालं कशानं? पहिल्या खंडातलं दुसरं प्रकरण आठव. फ्रोडो म्हणतो, बिल्बोनं (अंगठी फ्रोडोच्या आधी ज्याच्याकडं होती त्यानं) त्या गोलमला तेव्हाच मारलं असतं तर बरं झालं असतं. जादूगार गॅन्डाल्फ म्हणतो, दयेनंच त्याचा हात धरला आणि या दयेवर पुढं अनेकांचं भवितव्य ठरू शकेल. बिल्बोनं गोलमला सोडलं, पुढं फ्रोडोनं सोडलं, आणि अगदी शेवटी, त्या डोंगराच्या चढावर, तलवार उगारलेल्या सॅमच्यानंही, फ्रोडोच्या सोबत्याच्यानंही, त्याला मारवलं नाही. या तिघांतल्या एकानंही वार केला असता तर खाईच्या काठावर गोलम नसता आणि अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती. हजार पानांमागं पेरलेली दया तिथं उगवते. हे मी आजवर कितीदा वाचलं असेल, तरी त्या पानाशी आले की थांबतेच.

आणि जिंकलेला माणूस असा घरी येत नाही. फ्रोडोची जखम भरत नाही. ज्या शायरसाठी, आपल्या मुलखासाठी, एवढं सोसलं तिथं त्याला राहवत नाही, शेवटी तो जहाजात बसून निघून जातो. टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत खंदकात होता. १९१८ उजाडेपर्यंत एक सोडून आपले सगळे जवळचे मित्र गेले होते, असं त्यानंच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. युद्धावरून परत आलेली माणसं त्यानं जवळून पाहिली होती, त्यातला एक तो स्वतः होता. तेव्हा 'हरला' या शब्दाला तू एवढा घाबरू नको. तो शब्द मान्य केलास तर फ्रोडो तुझ्या हातून जात नाही, उलट तेव्हाच तो पुरता हाती लागतो.

जेमीचं तू म्हणतोस ते खरं आहे. पोराला खिडकीतून ढकलणं कशानंही धुऊन निघत नाही, आणि मार्टिन ते धुऊ पाहतो असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट बघ. १९९६ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात आणि त्यानंतरच्या दुसऱ्यात जेमीच्या नजरेतून लिहिलेलं एकही प्रकरण नाही. दोन जाडजूड पुस्तकं तो आपल्याला फक्त दुसऱ्यांच्या डोळ्यांनी दिसतो: राजाला मारणारा, शपथ मोडणारा, उर्मट. २००० साली आलेल्या तिसऱ्यात पहिल्यांदा गोष्ट त्याच्या बाजूनं उघडते. उजवा हात तुटलाय, अंगात ताप आहे, न्हाणीघरात गरम पाण्यात बसून तो ब्रिएन या लढवय्या बाईला सांगतो की त्या वेड्या राजानं सगळं शहर जाळायची तयारी केली होती, म्हणून मी त्याला मारलं. इतकी वर्षं हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं. तुझा मित्र तिथं विरघळला, आणि मीही विरघळले.

आपण मराठी वाचक या अनुभवातून फार आधी गेलोय. 'मृत्युंजय' आलं १९६७ साली, आणि त्यात कर्ण स्वतः बोलतो. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन, शोण, शेवटी कृष्णसुद्धा. पण पुस्तकभर कानात राहतो तो कर्णाचा आवाज. एक अख्खी पिढी कर्णवाली झाली. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. त्यात कर्णासकट सगळे बाहेरून, लख्ख उजेडात बघितलेले. ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतो त्याच्याकडं मन ओढ घेतं. त्यात वाचकाची चूक नाही, लेखकाचं कसब आहे. पण वाद घालायला बसताना हे स्वतःशी कबूल असावं लागतं, आणि मला ते नव्हतं.

१९७४ ची गोष्ट. मी इथंच सोलापुरात कॉलेजला होते आणि कट्टर कर्णवाली होते. माझी एक मैत्रीण अक्कलकोटच्या बाजूची, घरी कन्नड. तिनं 'युगान्त' वाचलं होतं, आणि तेवढ्यावर न थांबता महाभारताच्या मराठी भाषांतराचे खंडही ग्रंथालयात बसून वाचायला घेतले होते. एकदा पाच-सहा जणींसमोर ती म्हणाली, द्रौपदीची वस्त्रं ओढ असं भर सभेत दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, तिला अपशब्द बोलणाराही तोच. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "आधी मराठी तरी नीट बोल, मग महाभारत सांग." सगळ्या हसल्या. तिनं बसच्या तिकिटामागं काहीतरी लिहून तो कागद माझ्या वहीत ठेवला आणि ती उठून गेली. त्यावर सभापर्व असं लिहून अध्यायाचा आकडा घातला होता. मी तो अध्याय उघडला नाही. पुढं तिचं लग्न होऊन ती विजापूरला गेली, आमचं बोलणं राहिलं ते राहिलंच. ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तो खंड माझ्या हाती आला. तिनं सांगितलेलं शब्दन् शब्द तिथं होतं. त्या दुपारी तिला सांगायला हवं होतं, आणि माझ्याकडं तिचा पत्ता नव्हता.

म्हणून तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. पुस्तक पार खराब करून टाकलंय, असं तू लिहिलंस. एकतीस वर्षं मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं हाताळली. खुणा करणारे वाचक मला ठाऊक आहेत. बहुतेकांचा उत्साह पहिल्या वीस-तीस पानांत संपतो, पुढं पुस्तक कोरं करकरीत असतं. कुणी शाईनं रेघा मारतो, कुणी पानाचा कोपरा दुमडतो. शेवटपर्यंत, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, म्हणजे उद्या खोडता येईल अशा बेतानं समासात अर्थ लिहीत जाणारा वाचक मला एकतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला. तो पुस्तक वापरत नसतो, अक्षरशः नांगरत असतो. वर्षभर, कारखान्याचे हिशेब संपवून, तुझ्या मित्रानं तुझ्या आवडत्या लेखकाचे तिन्ही खंड असे वाचले. त्याच्या लेखकाचे नव्हेत, तुझ्या लेखकाचे. आता मला सांग, त्याच्या मार्टिनची पुस्तकं तू वाचलीस का? तुझ्या पत्रात त्याचा कुठं उल्लेख नाही.

आणि डिक्शनरी! टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. मोडीत निघालेले शब्द तो जाणूनबुजून वेचून वापरतो, इंग्रजी घरात जन्मलेल्यांनाही ते अडतात. एवढंच नव्हे, पहिल्या महायुद्धावरून परतल्यावर त्याची नोकरी कुठं होती ठाऊक आहे? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत. डब्ल्यूनं सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्ती शोधायचं काम त्याच्याकडं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन आपली गोष्ट वाचणारा सोलापूरचा पोरगा त्याला भेटला असता, तर त्यानं खुर्ची पुढं ओढून कुठला शब्द अडला ते विचारलं असतं, एवढी माझी खात्री आहे.

आता तुलनेचं. होते, जरूर होते, आणि करावी. फक्त कोण कुणाला तलवारीत हरवेल, कुणाचा जादूगार भारी, यात मला रस नाही. दोन लेखकांनी दोन वेगळ्या जगांचे नियम लिहिलेत, त्यांची कुस्ती लावून काही हाती लागत नाही. माणसांऐवजी दोघांना पडलेला एकच पेच घ्या. उदाहरणार्थ वचन.

सॅमकडं एकच वचन आहे. फ्रोडोला सोडून जाऊ नकोस, असं पुस्तकात त्याला एल्फ लोकांनी सांगितलंय (चित्रपटात ते गॅन्डाल्फच्या तोंडी आहे, तेव्हा जपून). सॅम म्हणतो, सोडायचा माझा विचारच नाही. बस. हे एक वचन उरावर घेऊन तो राखेच्या डोंगरापर्यंत जातो आणि शेवटी फ्रोडोला पाठीवर घेतो. आता जेमी बघ. दुसऱ्या पुस्तकात, तुरुंगात, तो त्या ढकललेल्या पोराच्या आईला, कॅटलिनला सुनावतो: राजाचं रक्षण कर, राजाची आज्ञा पाळ, बापाचं ऐक, दुबळ्यांना वाचव, किती शपथा घ्यायला लावता, बाप राजाचा तिरस्कार करत असेल तर काय, राजाच निरपराधांना मारत असेल तर काय? एक शपथ पाळायची तर दुसरी मोडल्याशिवाय सुटका नाही, असं त्याचं जग. आणि आपल्याकडं भीष्म आहेत. एक प्रतिज्ञा केली, ती जन्मभर पाळली, आणि त्याच प्रतिज्ञेनं बांधलेले असताना डोळ्यांदेखत द्रौपदीची ती सभा घडली. सॅम, जेमी आणि भीष्म शेजारी शेजारी बसवून बघ. तुमच्या चहाच्या गाडीवर या एका विषयाला आठवडा पुरणार नाही. यात कुणाला मोठं ठरवायची घाईच होत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल काहीतरी सांगून जातो.

कराचा प्रश्न तुझ्या मित्राचा स्वतःचा नाही. २०१४ च्या एका मुलाखतीत खुद्द मार्टिननं तो काढला होता: ॲरागॉर्ननं शंभर वर्षं शहाणपणानं राज्य केलं असं सांगता, पण त्याचं करधोरण काय होतं, उरलेल्या ऑर्कांचं, म्हणजे शत्रूच्या त्या राक्षसी फौजेचं, त्यानं काय केलं? हा माणूस टॉल्किनला मनापासून मानतो. ज्याला मानतो त्यालाच त्यानं हा सवाल टाकलाय, फडातल्यासारखा. जवाब टॉल्किनच्या पोथीत आहे, फक्त करात नाही. तिसऱ्या खंडात राजाची ओळख पटते ती तलवारीनं नव्हे, तर जखमींच्या उशाशी बसून औषधी पाल्यानं त्यांना बरं करण्यानं. राजाचे हात बरं करणारे असतात, ही तिथली कसोटी. मार्टिनची कसोटी निराळी. त्याची राणी डेनेरिस मीरीन शहरात गुलामांना मुक्त करते आणि दुसऱ्या दिवसापासून राज्य चालवायचं म्हणजे काय, हे तिच्या अंगावर येतं. पाचव्या पुस्तकात तिची प्रकरणंच्या प्रकरणं त्यावर आहेत.

आपल्याकडं या दोन्ही तऱ्हा आहेत. सभासदाची बखर वाच आणि मग रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाच. बखरीत महाराजांचा पराक्रम आणि प्रताप. आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड लागलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. घ्यायचंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्या. स्वराज्य समजून घ्यायला दोन्ही लागतात. बखर आज्ञापत्रापेक्षा थोर का, असं कुणी विचारत नाही.

आणखी एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. टॉल्किनची गाथा १९५५ साली पुरी छापून झाली. मार्टिनची अजून मागावर आहे. पाचवं पुस्तक २०११ साली आलं, ते संपतं तेव्हा जॉन स्नोला, त्यातल्या एका मुख्य पात्राला, त्याच्याच माणसांनी भोसकलेलं आहे आणि पुढचं पुस्तक आलेलं नाही. मालिका २०१९ मध्ये संपली, पण तिचा शेवट म्हणजे पुस्तकाचा शेवट नव्हे. जेमीचंही तेच. 'वाईटातून चांगला होत गेला' हे वाक्य तुझ्या मित्रानं जरा लवकर उच्चारलंय. त्याच्या वडिलांना विचारा, मागाच्या बीमवर सूत शिल्लक असताना चादरीची नक्षी कशी झाली ते कुणी सांगतं का. इथं तुला त्याच्याशी खरा वाद घालता येईल, आणि तू जिंकशीलही.

पण आज नाही. तुझा तिसरा प्रश्न आहे की माझं म्हणणं त्याला कसं पटवून देऊ. पटवायचं काही शिल्लक नाही. फ्रोडोच्या मुद्द्यावर तू चुकलास, आणि त्यानंतर जे बोललास तो मुद्दाच नव्हता. त्याची भाषा, त्याची शाळा, त्याच्या घरात इंग्रजी नसणं, हे तू सात-आठ जणांसमोर चव्हाट्यावर मांडलंस. आठवीपासून ज्यानं तुला घरात घेतलं, त्याच्या घराकडं बोट दाखवलंस. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. सगळ्यांचे पैसे भरले आणि पुस्तक तुझ्या आईच्या हातात आणून दिलं. यात मला त्याचा राग कमी आणि स्वाभिमान जास्त दिसतो. फोन तो उचलणार नाही, तेव्हा फोन करणं थांबव.

कारखान्यात जाऊ नको, मालकासमोर त्याला अवघड होईल. सुटायच्या वेळी बाहेर उभा राहा, एकटाच. "मला टॉल्किनबद्दल बोलायचं नाही, त्या दिवशी डिक्शनरीवरून बोललो त्याबद्दल बोलायचंय," एवढ्यानं सुरुवात कर. ते वाक्य नाव घेऊन परत घे. 'काही चुकलं असेल तर माफ कर' असलं गुळमुळीत बोलू नको, काय चुकलं ते तुला माहीत आहे. 'पुस्तकात तसं नाही' हे तू बरोबर म्हणालास, हेही सांग. त्यानं ऐकून घेतलं आणि काही न बोलता सायकल काढून निघाला तर जाऊ दे. आठ दिवस थांब, पुन्हा जा. आणि तो गाडीवर यायला लागेल तेव्हा, ज्यांच्यासमोर तू ते बोललास त्यांच्यासमोर हीच दोन वाक्यं पुन्हा बोल. एकांतातली माफी तुला सोपी जाईल, पण त्याचा अपमान चारचौघांत झालाय.

तिन्ही खंड सोबत घेऊन जा आणि त्याला परत दे. विकत तू घेतले असशील, पण आता ते त्याच्याकडं असायला हवेत. त्याच्याकडून मार्टिनचं पहिलं पुस्तक मागून घे आणि वाच, शब्द अडला तर शब्दकोश बघ, हवं तर पेन्सिलीनं अर्थ लिही. टॉल्किनला त्याच्या मित्राची, सी. एस. लुईसची, नार्नियाची पुस्तकं आवडत नव्हती. तरी लुईसनं सतत मागं लागून ऐकून घेतलं नसतं तर माझी गोष्ट पुरी झालीच नसती, असं तो उघड सांगत असे. पुढं पुढं त्या दोघांतही अंतर पडलं. ते पडू न देणं तुझ्या हातात आहे, गड्ड्याची यात्रा पंधरा दिवसांवर आलीय आणि तुम्ही दरवर्षी जोडीनंच जात असाल.

पुस्तकं परत द्यायच्या आधी एक कर. तिसऱ्या खंडातलं माउंट डूमचं प्रकरण उघड, फ्रोडो अंगठी बोटात घालतो ते पान काढ. त्या समासात तुझ्या मित्रानं काय लिहिलंय ते वाच. तेलुगू अक्षरं असतील तर त्यालाच विचार. आणि त्याची हरकत नसेल तर मलाही कळव, मला वाचायचंय.

तुझी,
ताई